वाळवंटात न्यायच्या पिकअपमध्ये काय बदलायचं, काय नाही: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"पिकअप घेतली, वाळवंटात न्यायची आहे, काय काय करून घेऊ?" असं विचारणाऱ्यांना मी गेली काही वर्षं साधारण तीच उत्तरं देतोय. शेवटी ती लिहून काढली. माझी मतं त्यात आहेतच, लपवलेली नाहीत. गाडी कुठल्या कंपनीची आहे यानं फारसा फरक पडत नाही. शिडीसारखी चेसिस, मागे पाटे, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि लो-रेंज (कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) असलेला फोर-व्हील-ड्राइव्ह, अशी नेहमीची एक टनी पिकअप डोळ्यांसमोर ठेवली आहे.

गाडी नवीन आहे. सगळ्यात आधी काय बदलू?

काहीच नाही. हवेचा चांगला गेज, थेट बॅटरीला जोडायचा कॉम्प्रेसर, लांब दांड्याचं फावडं, चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड आणि एक ओढदोर घ्या. जाणत्या माणसाच्या गाडीमागे दोन-तीनदा वाळूत जाऊन या. कुठे रुतलात, खाली काय घासलं, काय गरम झालं, मागच्या बाजूला काय आपटलं, ते वहीत लिहा. त्या वहीतून जी यादी निघेल ती तुमच्या गाडीची खरी यादी. दुकानात निघालेली यादी दुकानाची असते.

वाळूसाठी टायरमध्ये हवा किती ठेवायची?

या पानावरचा हा एकच प्रश्न वाचलात तरी निम्मं काम झालं.

डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआयच्या आसपास चालणारी गाडी खडीच्या रस्त्यावर २६ ते २८ वर आणा, वाळू लागली की १८ वर, पीठासारखी मऊ वाळू आली की १५ वर. रुतलात आणि निघतच नसलात तर १२. मागे हौदा भरलेला असेल तर मागच्या टायरांत दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर रिमखाली रबर चेपून कडा फाटते. हे आकडे सुरुवातीचे आहेत. टायर, वजन आणि वाळू बघून तुमचे आकडे तुम्हीच ठरवायचे.

हवा काढल्यावर टायर रुंद होतो असं बहुतेकांना वाटतं. तो रुंद होतो थोडाच. जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. तेच वजन जास्त जागेवर पसरतं, म्हणून चाक वाळू खणण्याऐवजी वाळूवर चढतं. त्यामुळे अरुंद टायरसुद्धा हवा कमी केल्यावर बऱ्यापैकी तरतो, आणि रुंद टायर ३५ वर ठेवला तर बघता बघता बुडतो.

हवा सकाळी गार टायरवर मोजा. २० अंशाला १८ भरलेला टायर दुपारी ५० अंशाला पोचला की गेजवर २१ दाखवतो. पुष्कळ जण दुपारी मोजून "सकाळी चुकलंच होतं" म्हणत पुन्हा काढतात आणि रात्री टायर बसलेला बघून चकित होतात. तरीही वाळू मऊ लागायला लागली तर दुपारीही काढाच. फक्त आपण तापलेल्या टायरची हवा काढतोय हे ध्यानात असू द्या.

इतकी कमी हवा ठेवली तर टायर रिमवरून निघणार नाही?

निघू शकतो, आणि तो बहुतेक वेळा वळताना निघतो. १५ च्या खाली गेलात की झटकन स्टिअरिंग मारायचं नाही, उतारावर आडवं जायचं नाही, वेग ३० किलोमीटरच्या आसपास. १० च्या खाली साध्या रिमवर जाऊच नये. त्यासाठी टायरची कड बोल्टनं पकडून ठेवणारे बीडलॉक रिम लागतात, आणि ते बऱ्याच देशांत सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीत.

याहून मोठा धोका परतीचा. वाळू संपते, डांबरी लागतो, सगळे दमलेले, भूक लागलेली, "पुढच्या पंपावर भरू" असं कुणीतरी म्हणतं. १५ पीएसआयवर ८० च्या वेगानं पळणाऱ्या टायरची बाजू सतत दुमडत राहते, आतून तापते आणि फुटते. म्हणून कॉम्प्रेसर आधी, बाकी सगळं नंतर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप एवढ्या मोठ्या टायरांसाठी नाहीत: चार टायर भरेपर्यंत पंप तरी तापतो, नाहीतर फ्यूज उडतो.

एटी (ऑल-टेरेन) टायर घेऊ की एमटी (मड-टेरेन)?

वाळूसाठी एटी. एमटीचे खोल, दातेरी ठोकळे चिखल बाहेर फेकायला केलेले असतात. वाळूत तेच ठोकळे फावड्यासारखे चालतात आणि गाडी स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. पण वाळवंट म्हणजे सगळी वाळू नव्हे. सहारातसुद्धा वाळूच्या टेकड्यांपेक्षा दगडगोट्यांची माळरानं जास्त आहेत, आणि तिथे टायर मरतो तो बाजूची भिंत चिरून. म्हणून नक्षीपेक्षा बाजूची भिंत किती जाड आहे आणि टायर किती भार पेलतो ते बघा. प्रवासी मोटारीच्या वर्गातला मऊ टायर भरलेल्या पिकअपला पुरत नाही. लाइट ट्रकच्या वर्गातला घ्या.

स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी. लांबच्या सहलीला दोन.

मोठे टायर बसवले तर गाडी उंच होईल ना?

होईल, पण वाटते तेवढी नाही. २६५/६५ आर १७ च्या टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर, २६५/७० आर १७ चा ८०३. फरक २७ मिलिमीटरचा, पण डिफ (चाकांच्या मधला गिअरांचा गोळा) वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे जेमतेम १३. बदल्यात गिअरिंग साडेतीन टक्क्यांनी लांब होतं (म्हणजे गाडीची ओढ तेवढी कमी होते), स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा साडेतीन टक्के जोरात जात असता, आणि वळताना टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो का ते बघावं लागतं. एक माप वाढवायला माझी हरकत नाही. दोन मापं वाढवली की गिअरिंग, ब्रेक, ड्राइव्हशाफ्ट सगळ्यांकडे बघावं लागतं आणि खर्च थांबत नाही.

वजनाचा एवढा बाऊ का करता?

कारण वाळूत गाडी बुडते ती वजनानं, आणि आपण करतो त्यातला जवळजवळ प्रत्येक बदल वजन वाढवतो.

एक हिशेब मांडू. समजा कागदावर गाडीची वाहून नेण्याची क्षमता ९५० किलो आहे. चार माणसं ३०० किलो. पुढचा लोखंडी बंपर ७०, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) ३५. हौद्यावरची कॅनॉपी ७०, रॅक आणि छतावरचा तंबू मिळून ९०. दुसरी बॅटरी २५, हौद्यातले ड्रॉवर ७०, भरलेला फ्रिज ४५. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. जादा डिझेल ८० लिटर, त्याचे ६७. दुसरी स्टेपनी ३५. हत्यारं, बोर्ड, कॉम्प्रेसर ६०. कपडे, अंथरुणं, भांडी, शिधा ८०. बेरीज १०२७.

म्हणजे ७७ किलो जास्त, आणि यात चैनीचं काही नाही. अशी गाडी कुठल्याही सहलीत दिसते. शिवाय "रिकाम्या गाडीचं वजन" मोजताना कुणी टाकी भरलेली धरतं, कुणी थोडंसंच इंधन धरतं, तेवढा फरक आणखी. सामान भरून, माणसं बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, मग अख्खी गाडी. मी पहिल्यांदा नेली तेव्हा काटेवाल्यानं आकडा दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता. घरी येऊन ड्रॉवर काढून टाकले. त्यांच्या जागी झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणि ते बांधायचे पट्टे आले. साठ किलो गेले आणि कुठलीच गैरसोय झाली नाही.

हे शहाणपण जुनंच आहे. रॅल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढेही लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन हिंडत होता. वाळूत हवा कमी ठेवायची, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालायच्या, उकळलेल्या रेडिएटरची वाफ डब्यात गार करून पाणी परत वापरायचं, या युक्त्या त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिथे घासूनपुसून घेतल्या. १९४० मध्ये त्यानंच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. त्या तुकडीच्या शेवरोले ट्रकांचं काय केलं? दारं काढली, छप्पर काढलं, पुढची काच काढली. मगच पाटे वाढवले आणि रुंद टायर घातले. आधी काढलं, मग घातलं. आपण नेमकं उलटं करतो.

मागून गाडी बसते. पाट्यांसोबत एअरबॅग (भार पेलायला लावायची हवेची पिशवी) बसवू का?

मी बसवणार नाही. कारण नीट समजून घ्या, नाहीतर दुकानदार तुम्हाला पटवेल.

हौद्याचा बराच भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे लोंबकळत असतो. ३.१ मीटरच्या व्हीलबेसच्या गाडीत अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर १३२ किलो पडतात आणि पुढची चाकं ३२ किलोंनी हलकी होतात. सी-सॉचाच हिशेब. त्यातच मागच्या दारावर दोन स्टेपन्या, डबे, ओढायला ट्रेलर. आता पाट्याचं एक टोक अ‍ॅक्सलच्या पुढे टेकलेलं असतं, दुसरं मागे, म्हणजे भार चेसिसवर दोन जागी वाटला जातो. एअरबॅग तोच भार अ‍ॅक्सलच्या बरोबर वर एका बिंदूवर आणते. मागचं वजन खाली ओढतंय, मध्ये बॅग वर ढकलतेय, आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. चेसिस केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीपाशी वाकते. बाहेरून बघितलं तर ती फट वर रुंद, खाली अरुंद झालेली दिसते. वाकलेली चेसिस सरळ करायचं काम सोपंही नाही आणि स्वस्तही नाही.

गाडी बसत असेल तर आधी सामान कमी करा. मग उरलेलं पुढे सरकवा: पाणी, बॅटरी, हत्यारं, जे जड ते केबिनच्या भिंतीला चिकटून आणि तळाला. दाराकडे अंथरुणं, खुर्च्या. एवढं करूनही मागून बसत असेल तर नेहमीच्या भाराला साजेसे, जाड पाटे घाला. नेहमीच्या म्हणजे खरोखर नेहमीच्या. वर्षातून एकदा ४०० किलो भरणाऱ्यानं ४०० किलोचे पाटे घातले तर उरलेलं वर्ष गाडी बैलगाडीसारखी धडधडते, आणि रिकामी असताना मागची चाकं वाळूत टिकतच नाहीत.

लिफ्ट किती करावी?

४० ते ५० मिलिमीटर. त्यावर गेलात की पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आत वाळू जाते आणि सांधा कटकट करायला लागतो. ब्रेकचे पाइप ताणले जातात. चाकांचं अलाइनमेंट जमवायला वरचे आर्म बदलावे लागतात. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच, आणि टेकडीच्या कडेवर तिरकी गाडी असताना ते पोटात जाणवतं. छतावर तंबू असेल तर आणखीच.

वाळूत उंची लागते ती मुख्यतः टेकडीच्या धारेवर पोट टेकू नये म्हणून. चढणीच्या पायथ्याशी नाक टेकू नये यासाठी मात्र नुसत्या लिफ्टपेक्षा पुढचा बंपर कापून चढणीचा कोन वाढवणं जास्त उपयोगी.

शॉकअप बदलायलाच हवेत का?

टेकड्यांवर फारशी गरज नाही. तिथे वेग कमी असतो. शॉकअप मरतात ते वाळवंटाकडे नेणाऱ्या पन्हाळी रस्त्यावर. तिथे ते मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होतात, आतलं तेल तापतं, पातळ होतं, फेसाळतं, आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. जाड नळीचे मोनोट्यूब किंवा बाहेर वेगळी तेलाची कुपी असलेले शॉकअप जास्त वेळ तग धरतात. पण फुकटचा उपायही आहे: टायरची हवा थोडी कमी करा आणि तासाभरानं थांबून शॉकअपजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. चारांतला एकच थंड असेल तर तो काम करत नाहीये.

स्नॉर्केल कशाला? वाळवंटात पाणी कुठे आहे?

स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला छताच्या उंचीवरून हवा देणारा पाइप, इथे पाण्यासाठी नसतो. चाकांनी उडवलेली धूळ बोनेटच्या उंचीवर सगळ्यात दाट असते. छताच्या उंचीवर हवा जरा बरी. ताफ्यात मागून येणाऱ्या गाडीला हा फरक चांगला कळतो. तरी पुढच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत अंतर ठेवणं हा त्याहून स्वस्त स्नॉर्केल.

आणि स्नॉर्केल लावून मूळ फिल्टर नीट बसला नसेल तर सगळं पाण्यात. एका सहलीनंतर मी फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडे जाणारा पाइप सोडला आणि आतून पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर बोटभर रुंद तपकिरी पट्टा आला, आणि तो दोन बोटांत चोळला तर करकरला. फिल्टर नवा होता, चांगला होता. पण सर्व्हिसिंगला दिलेल्या गॅरेजनं डब्याची एक क्लिप अर्धवट लावून गाडी परत केली होती, आणि तेवढ्या फटीतून आठशे किलोमीटर धूळ आत जात होती. त्या दिवसापासून कुणीही फिल्टरला हात लावला की मी स्वतः उघडून पुन्हा लावतो. क्लिपचा खट आवाज ऐकल्याशिवाय बोनेट बंद करत नाही.

तेल लावलेले कापडी फिल्टर बारीक धुळीत मी वापरत नाही. हवा जास्त सोडतात, त्याबरोबर धूळही, आणि जास्त तेल लागलं तर हवेचा सेन्सर बिघडतो. चांगला कागदी फिल्टर वापरा आणि एक नवा जवळ ठेवा. तो जमिनीवर आपटू नका, हलके टिचकवा. आपटल्यानं कागदाची घडी तुटते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

इंजिन गरम होतं. मोठा रेडिएटर?

आधी आहे तो धुवा, आतल्या बाजूनं बाहेर. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये गवताचं बी, किडे, पिसं यांची गादी बसलेली असते. मग पुढे काय काय टांगलंय ते बघा: लोखंडी बंपर, विंच, दोन ताटाएवढे दिवे. हवेनं जायचं कुठून? दिवे काढले की तापमान उतरल्याचं मी दोन गाड्यांवर बघितलंय.

मागून वारा असताना हळू, जोर लावत चढणं ही सगळ्यात वाईट वेळ. तोंड वाऱ्याकडे करून थांबा, इंजिन चालूच ठेवा.

ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाकडे जास्त बघावं. मऊ वाळूत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो आणि ती सगळी ऊर्जा तेलात उष्णता म्हणून जाते. पॅनेलवरचा काटा फक्त कूलंटचा असतो. गाडीच्या ओबीडी (बिघाड तपासायच्या) सॉकेटला लावायचं छोटं यंत्र तेलाचं तापमान दाखवू शकतं. ते १२० च्या वर रेंगाळायला लागलं की थांबा. लो-रेंजमध्ये चाललात तर हा प्रश्न निम्मा सुटतो. ऑटोमॅटिकचा वेगळा कूलर हा मला पटलेल्या मोजक्या खर्चांपैकी एक.

वाळलेलं गवत असलेल्या वाळवंटात आणखी एक: ऑस्ट्रेलियात स्पिनिफेक्स गवत गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरभोवती गुंडाळून गाड्या पेटतात. थांबाल तेव्हा वाकून बघा, आणि आगीचा सिलिंडर हाताशी ठेवा, ड्रॉवरच्या तळाशी नको.

डिफ-लॉकर किती महत्त्वाचा?

डिफ-लॉकर डावं-उजवं चाक जखडून एकाच वेगानं फिरवतो. मागचा असेल तर उत्तम, पुढचा वाळूसाठी लागत नाही. लॉक लावून वळायला गेलात तर गाडी सरळच जाते. त्याआधी गाडीत असलेलंच एक बटण शोधा: स्टॅबिलिटी आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं. चाक जरा घसरलं की ही यंत्रणा इंजिनची ताकद कापते, आणि ताकद कापली जाते ती नेमकी चढणीच्या मधोमध. बऱ्याच पिकअपमध्ये लो-रेंज लावल्यावर ती आपोआप बंद होते, पण गृहीत धरू नका.

विंच घ्यावी का?

वाळूच्या टेकड्यांत विंच बांधणार कशाला? झाड नाही, दगड नाही. स्टेपनी पुरून तिला बांधता येतं, पण ती पुरायला तासभर खणावं लागतं. नियम म्हणून विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या दीडपट असावी, म्हणजे तीन टनी गाडीला साडेचार हजार किलो, आणि तीही ड्रमवर शेवटचा थर उरलेला असतानाच मिळते. एवढं सगळं नाकावर वागवण्यापेक्षा दुसरी गाडी सोबत घ्या. एकट्या गाडीनं वाळूत जायचंच नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे माझ्याकडे विंच नाही.

रुतलो तर नेमकं काय करायचं?

अ‍ॅक्सिलरेटर सोडा. लगेच. चाक फिरतंय पण गाडी हलत नाहीये, तो क्षण ओळखता आला पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद म्हणजे फावड्याच्या दहा फेऱ्या.

उतरा, चारही चाकं बघा, मग पालथं पडून पोट बघा. गाडी चाकांनी अडकत नाही, पोटानं अडकते: डिफचा गोळा, चेसिसचा आडवा तुकडा, टाकीचं कवच वाळूवर टेकतं आणि चाकांवरचं वजनच जातं. दुपारची कोरडी वाळू काढताना ती बाजूनं पुन्हा ओघळते, एक फावडं काढलं की अर्धं परत. म्हणून नुसतं खोल नाही, उताराचं खणावं लागतं. पोटाखालची वाळू निघाली, चाकांसमोर उतार झाला, हवा १२ वर आली की ज्या चाकोरीतून आलात त्याच चाकोरीतून मागे या. ती दाबलेली असते. दहांतल्या आठ वेळा इथेच सुटका होते. नाही झाली तर बोर्ड, मग दोर.

दोराबद्दल हात जोडून सांगतो. ताणणारा नायलॉनचा दोर ओढताना टनावारी ऊर्जा साठवतो. तो चेसिसला बोल्टनं जोडलेल्या, भार नोंदवलेल्या हुकालाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या बॉलला कधीही नाही. बॉल तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो आणि त्यानं माणसं मेलेली आहेत. वाहतुकीसाठी गाडी बांधायला दिलेली कडी हासुद्धा ओढायचा हुक नव्हे. लोखंडी शॅकलपेक्षा (दोर हुकाला अडकवायची कडी) दोराची मऊ शॅकल बरी, सुटली तरी हलकी असते. बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, फोटो काढणाऱ्यानं सुद्धा. पुढचे पक्के हुक नसतील तर आधी ते बसवा, कुठल्याही बंपरच्या आधी.

वाळूत जॅक लावायचा तर खाली फळी हवीच, नाहीतर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो.

इंधन किती, आणि कुठे ठेवू?

मऊ वाळूत गाडी नेहमीच्या दीडपट ते दुप्पट पिते. अंतर नकाशावरून काढलंत तर त्यात टेकड्यांना घातलेले वळसे नसतात. मी वाळूतल्या अंतराला दुप्पट खप धरतो आणि वर एक डबा. मोठी टाकी बसवणार असाल तर ती दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये बसणारी घ्या.

डबे घ्यायचे तर जेरीकॅन. जर्मन सैन्यानं १९३० च्या दशकात तयार केलेला हा २० लिटरचा डबा. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे गळून गळून इंधन वाळूत जात होतं; त्यांनी हाती लागलेले जर्मन डबे वापरायला सुरुवात केली आणि नंतर त्याची नक्कलच केली. तीन मुठी असतात त्या उगाच नाहीत: एकटा माणूस मधली धरतो, दोघं असले की एकेक बाहेरची, आणि रिकामे डबे एका हातात दोन मावतात. इंधन छतावर आणि केबिनमध्ये नको. हौद्यात, उभं, पट्ट्यानं आवळून.

पाणी?

माणशी दिवसाला पिण्याचं किमान पाच लिटर, उन्हाळ्यात जास्त, आणि ठरलेल्या दिवसांच्या वर दोन दिवसांचं. एकाच टाकीत नको. टाकी फुटली, नळ उघडा राहिला, की संपलं. मी निम्मं टाकीत, निम्मं दहा लिटरच्या कॅनमध्ये ठेवतो.

फ्रिज आणि दुसरी बॅटरी लागते का?

फ्रिज असेल तर लागते. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज गरमीत दिवसाला ३० ते ५० अँपियर-तास खातो. हल्लीच्या गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे साध्या रिलेनं दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही. डीसी-डीसी चार्जर (व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देणारा) लावा. लिथियम बॅटरी बोनेटखाली ठेवू नका, तिथली उष्णता तिला सोसत नाही. उलट वाळवंटातल्या रात्री पारा शून्याखाली उतरू शकतो आणि तशा थंडीत तिला चार्ज करता येत नाही. मागे वायर नेताना ती जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावा. फ्रिजजवळचा फ्यूज मधली घासलेली वायर वाचवत नाही.

त्या उंच काठीवरच्या झेंड्याचा काय उपयोग?

टेकडीच्या माथ्यावर दोन बाजूंनी दोन गाड्या चढत असतील तर एकमेकींना शेवटपर्यंत दिसत नाहीत. झेंडा आधी दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या सिम्प्सन वाळवंटात, जिथे हजाराहून जास्त समांतर टेकड्या ओलांडाव्या लागतात, झेंडा सक्तीचा आहे. वजन अर्धा किलो. लावा.

मोबाइलला रेंज नसेल तर?

नसतेच. ताफ्यात रेडिओ, आणि कुणाकडे तरी उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन. मात्र काही देशांत परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे, सीमेवर अटक होते. आधी नियम बघा. गाडीतल्या बदलांचंही तेच: टायरचं माप, लिफ्ट, बंपर यांना कुठे परवानगी लागते, कुठे नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर महागात पडतो.

डकार रॅलीतल्या पिकअपसारखी तयार करायची झाली तर?

२०१९ मध्ये टोयोटा हायलक्सनं डकार जिंकली तेव्हा हा प्रश्न मला इतक्यांदा आला की विचारू नका. त्या गाडीत हायलक्सचा चेहरा आहे, बाकी फारसं काही नाही. आत नळ्यांचा सांगाडा असतो. वरच्या वर्गात आता ३७ इंची टायर आणि ३५० मिलिमीटरचा सस्पेन्शन प्रवास चालतो. मागे सुटे भाग घेऊन ट्रक येतो आणि रोज रात्री मेकॅनिक गाडी उघडतात. आपल्या मागे कुणी येत नसतं. त्यांच्याकडून उचलायचं असेल तर एकच उचला: ते स्टेपन्या शक्य तितक्या खाली आणि मध्याजवळ ठेवतात.

परत आल्यावर काय तपासायचं?

पोटाखालून धुवा. मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रम उघडून वाळू झटका, नाहीतर ती लायनिंग खात बसते. चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा. पाटे नवे असतील तर पहिल्या हजार किलोमीटरच्या आतच एकदा. डिफचं तेल पांढुरकं झालंय का, शॉकअपच्या रबरांत खेळ आलाय का, फिल्टरच्या पुढचा पाइप रुमालाला काय सांगतोय, ते बघा.

मग टॉर्च घेऊन केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीखाली सरका आणि चेसिसच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर तिथला रंग पॉलिश पेपरनं खरवडा. रेघ रंगाबरोबर गेली तर ठीक. लोखंडात उरली, तर हौदा रिकामा करून गाडी चेसिसचं काम करणाऱ्याकडे न्या, आणि तो दुरुस्त करून देईपर्यंत त्यात एक किलोही भरू नका.